खेड्यातील दवाखाना आणि पूरक उपचारांचा दर्जा

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव महानुभाव पंथाचे महत्त्वाचे तीर्थक्षेत्र आणि मराठी गद्याचे आद्य स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्राची रचना येथे केली. चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या व्यक्तींना गाठून त्यांनी आठवणी जमविल्या, त्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या आणि मगच लिहून ठेवल्या. अलीकडे मराठी भाषा विद्यापीठाच्या स्थापनेमुळे या गावाचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले आहे.

ऐकलेले पडताळून घ्यावे आणि पडताळलेले लिहून ठेवावे, हा जो दंडक सातशे वर्षांपूर्वी या गावात पाळला गेला, त्याची निकड आज एका निराळ्या क्षेत्रात भासत आहे. रिद्धपूर आणि त्याच्यासारख्या वऱ्हाडातील शेकडो गावांत आजारी माणूस प्रथम जातो तो जवळच्या लहान दवाखान्यात. तेथे त्याला काढा, गुटी, चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या किंवा आधुनिक औषधे, आणि पुष्कळदा ही सर्व एकत्रच मिळतात. या मिश्र उपचारांपैकी आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, योग व निसर्गोपचार या पद्धतींना आधुनिक वैद्यकाच्या जोडीने वापरताना ‘पूरक’ म्हटले जाते. हे उपचार चांगले की वाईट, हा वाद जुना आहे. गावाच्या दृष्टीने मात्र अधिक उपयोगी प्रश्न वेगळा आहे : जे उपचार लोक घेतच आहेत, त्यांचा दर्जा कसा राखावा?

ग्रामीण आरोग्यसेवेचा कणा

पूरक पद्धतींचे पदवीधर हे ग्रामीण आरोग्यव्यवस्थेच्या कडेला उभे असलेले लोक आहेत, अशी समजूत शहरात आढळते. महाराष्ट्रातील वस्तुस्थिती तशी नाही. राज्यातील अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतात. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी असतात आणि ते आयुष पद्धतींचे पदवीधर असतात. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही आयुर्वेद पदवीधरांची मोठ्या प्रमाणावर नियुक्ती झाली आहे. सपाट प्रदेशात ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. एवढ्या लोकसंख्येची दैनंदिन दुखणी त्या एका केंद्रात मावत नाहीत. उरलेला भार गावोगावचे खाजगी दवाखाने उचलतात.

या पद्धतींना कायद्याची चौकट टप्प्याटप्प्याने मिळाली. महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी अधिनियम १९६१ मध्ये झाला. भारतीय चिकित्सा पद्धतींच्या शिक्षणासाठी १९७० मध्ये व होमिओपॅथीसाठी १९७३ मध्ये केंद्रीय परिषदांचे कायदे झाले. त्यांची जागा आता २०२० च्या कायद्यांनी स्थापन झालेल्या दोन राष्ट्रीय आयोगांनी घेतली आहे. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या घोषणापत्रात प्राथमिक आरोग्यसेवेच्या कार्यकर्त्यांत, गरजेनुसार, पारंपरिक वैद्यांचाही समावेश करण्यात आला. मात्र त्यांना योग्य प्रशिक्षण मिळालेले असावे, अशी अट त्याच वाक्यात आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून आयुष उपचार आणि आधुनिक उपचार एकाच छताखाली आणण्याचे धोरण स्वीकारले. विदर्भ आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे अमरावती परिसरात शिक्षित वैद्यांची परंपराही निर्माण झाली आहे.

तेव्हा कायदा आहे, शिक्षण आहे आणि माणसेही आहेत. उणीव भासते ती रोजच्या व्यवहारातील तीन गोष्टींची : उपचार कोण करीत आहे याची खात्री, औषध कोणते आहे याची खात्री आणि काय केले याची लेखी नोंद. उपचाराचा दर्जा म्हणजे या तीन गोष्टींची बेरीज होय.

उपचार करणारा कोण?

वैद्यकीय व्यवसायासाठी राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असणे आवश्यक आहे. आयुर्वेद व युनानी व्यावसायिकांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, तर होमिओपॅथीच्या व्यावसायिकांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे होते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात ठळकपणे लावलेला असेल, तर रुग्णाला निम्मी खात्री तेथेच पटते.

उरलेली निम्मी खात्री कार्यक्षेत्राची असते. होमिओपॅथीचे शिक्षण घेतलेल्या मुंबईतील एका व्यावसायिकाने तापाच्या रुग्णाला आधुनिक औषधे दिली आणि रुग्ण दगावला. या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, ज्या पद्धतीचे शिक्षण व नोंदणी नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा ठरतो. कोणत्या राज्यात कोणत्या पदवीधराने कोणती आधुनिक औषधे द्यावीत, हे त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते, असे न्यायालयाने १९९८ च्या दुसऱ्या एका निकालात स्पष्ट केले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी व्यावसायिकांना मर्यादित परवानगी दिली. या तरतुदीला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. हा वाद पदव्यांचा दिसतो. पण रुग्णासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. दिलेल्या औषधाचे गुण, मात्रा आणि धोके देणाऱ्याला शिकविले गेले आहेत काय, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते.

पदवी नसताना आठवडी बाजारात किंवा यात्रेत दुकान मांडणारे, ‘मूळव्याध मुळासकट’, ‘मधुमेह कायमचा बरा’ अशा पाट्या लावणारे लोक या चौकटीच्या पूर्णपणे बाहेर आहेत. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या परिशिष्टात ५४ रोग व अवस्था नमूद असून, त्या बऱ्या करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. मधुमेह व कर्करोग त्यांतच मोडतात. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अशा प्रकारांचा आयुर्वेदाशी संबंध नाही. त्यांच्यामुळे प्रामाणिक वैद्याचेही नाव बद्दू होते.

बाटलीत नेमके काय आहे?

आयुर्वेदीय व युनानी औषधे १९६४ च्या दुरुस्तीने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कक्षेत आली. ती तयार करण्यासाठी परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. कारखान्यातील स्वच्छता, कच्च्या मालाची तपासणी, यंत्रसामग्री व नोंदवह्या यांबाबतचे उत्तम निर्मितीचे नियम २००० मध्ये परिशिष्ट ‘टी’ म्हणून अधिसूचित झाले. वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख आणि वापराची अंतिम मुदत छापलेली असली पाहिजे. बिब्बा, धोतरा, गुंज, बचनाग, कुचला यांसारखी द्रव्ये, तसेच पारा, हरताळ, मनःशिळा यांसारखी खनिजे विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ या यादीत आहेत. ती ज्या औषधात असतील त्याच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना हिंदी व इंग्रजीत छापणे आवश्यक आहे.

येथे एक बाब लक्षात ठेवावी लागते. होमिओपॅथीची औषधे विकण्यास परवाना लागतो. आयुर्वेदीय औषधे तयार करण्यास तो लागतो, पण विकण्यास लागत नाही. त्यामुळे किराणा दुकान, पानठेला, यात्रेतील तंबू अशा कोठेही ती मिळू शकतात. विक्रीच्या टप्प्यावर तपासणीचे जे काम इतर औषधांत औषधविक्रेता करतो, ते येथे वैद्याला आणि खरेदीदारालाच करावे लागते. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या चूर्णावर परवाना क्रमांक नसतो, बॅच क्रमांक नसतो आणि घटकही नसतात. त्यामुळे त्रास झाल्यास तपासासाठी हाती धागा उरत नाही.

अशा निनावी पुड्यांतील दोन धोके वैद्यकीय वाङ्मयात वारंवार नोंदले गेले आहेत. पहिला धोका भेसळीचा. सांधेदुखी व दम्याच्या चूर्णात डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉईड मिसळलेले आढळते. दोन दिवसांत आराम वाटतो, भूक वाढते आणि औषधाची ख्याती पसरते. काही महिन्यांनी चेहरा सुजतो, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. औषध एकाएकी बंद केल्यास शरीराची स्वतःची संप्रेरके अपुरी पडून जीवावर बेतू शकते. दुसरा धोका जड धातूंचा. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत शासनाने निव्वळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून आवश्यक केली. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग आणि पाऱ्याची १ भाग अशी आहे. शिशामुळे पोटशूळ व रक्तक्षय होतो. गर्भवती स्त्रिया व बालके यांना त्याची बाधा सर्वाधिक होते. भस्मे व रसकल्प हे आयुर्वेदाचे मान्य अंग आहे. परंतु ते शास्त्रोक्त संस्कारांनी, परवानाधारक निर्मितीशाळेत तयार झालेले असावेत आणि जाणत्या वैद्याने मोजक्या मुदतीसाठीच द्यावेत, हा दंडक त्या शास्त्राचाच आहे.

गुळवेलीचा धडा

वऱ्हाडात गुळवेल कोणास ठाऊक नाही? बांधावरील कडुनिंबावर चढलेली गुळवेल तापासाठी घरोघर वापरली जाते. कोविड साथीच्या काळात तिचा वापर देशभर वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात यकृताला इजा झालेल्या या रुग्णांनी गुळवेलीचे सेवन केले होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती काय, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल होती, याची तपासणी झाली नव्हती, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे असेच आहे. परंतु या वादाचा मूळ दोष दोघांच्याही आधीच्या टप्प्यावर आहे. वेल कोणी ओळखली, कोठून तोडली, किती मात्रेत दिली, किती दिवस घेतली, सोबत अन्य कोणती औषधे चालू होती आणि पूर्वी यकृताचा काही विकार होता काय, या सहा प्रश्नांची उत्तरे लिहिलेल्या कागदाची तेथे वाण होती. असा कागद असता तर वनस्पती दोषी की ओळख चुकीची, याचा निर्णय पुष्कळ सोपा झाला असता. नोंदीअभावी चांगले औषध बदनाम होऊ शकते आणि घातक औषध निर्दोष ठरू शकते. दोन्ही प्रकारांत किंमत रुग्णच मोजतो.

नोंद ठेवल्याने काय साधते?

नोंद ठेवल्याने पारंपरिक उपचाराचे मोल सिद्ध होते, याचीही उदाहरणे आहेत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा देऊन उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची पद्धतशीर निरीक्षणे ठेवली आणि ती १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर जगभर या भारतीय वनस्पतीकडे लक्ष वेधले गेले. पुढे तिच्यामुळे काही रुग्णांना तीव्र उदासीनता येते, हेही नोंदींमुळेच कळले आणि वापराच्या मर्यादा ठरल्या.

भगंदरावरील क्षारसूत्र हे दुसरे उदाहरण होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत क्षारसूत्राची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारसूत्राने व्रण भरण्यास सुमारे आठ आठवडे, तर शस्त्रक्रियेने सुमारे चार आठवडे लागले. परंतु विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के व शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. असा आकडा हाती असला म्हणजे रुग्णाला अभिनिवेशाशिवाय सल्ला देता येतो : लवकर बरे व्हावयाचे की पुन्हा न उद्भवण्याची शक्यता वाढवावयाची, हे तो स्वतः ठरवू शकतो.

खेड्यातील वैद्याकडून अशा मोठ्या संशोधनाची अपेक्षा नाही. प्रत्येक रुग्णासाठी एक पान पुरेसे आहे. त्यावर तक्रार व तिचा काळ, नाडी, ताप, रक्तदाब व वजन, दिलेल्या औषधाचे नाव, उत्पादक व बॅच क्रमांक, मात्रा आणि पुन्हा येण्याची तारीख असावी. ‘दुसऱ्या कोणाकडील औषध चालू आहे काय?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारून त्याचे उत्तर लिहावे. दोन पद्धतींची औषधे परस्परांशी कशी वागतात, याला महत्त्व आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कारल्याचा रस नियमाने घेतल्यास साखर अपेक्षेहून खाली जाऊ शकते. घरगुती औषध चालू असल्याचे रुग्ण डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण ते रागावतील अशी भीती त्यांना वाटते. मोकळेपणाने विचारणारा डॉक्टर हा धोका टाळू शकतो.

औषधाचा विपरीत परिणाम आढळल्यास तो कळविण्याची सोय आहे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत यासाठी राष्ट्रीय समन्वय केंद्र असून देशभरातील आयुष संस्था त्याला जोडलेल्या आहेत. पद्धतींच्या परिभाषेचा अडसरही दूर होत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील रोगनामांचा आपल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात समावेश करून तो विभाग जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला.

वेळेवर पाठविणे हाही उपचार

दर्जाची खरी कसोटी, रुग्ण आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखण्यात असते. छातीत दुखून घाम येणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, श्वास लागणे, गर्भवतीला रक्तस्राव किंवा झटके येणे, जुलाबाने बालक मलूल होणे, तीन दिवसांवर ताप टिकणे, सर्पदंश होणे, या स्थितींत काढा-चूर्ण देऊन वाट पाहण्यास वाव नाही. कपाशी व सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या मजुराला मळमळ, चक्कर किंवा अंधूक दिसणे जाणवल्यास त्याचे कपडे बदलून, अंग धुऊन त्याला तत्काळ रुग्णालयात हलवावे आणि फवारलेल्या औषधाची बाटली सोबत द्यावी. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले, हे विसरता येणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या खोकल्यात थुंकीची तपासणी आवश्यक आहे. क्षयरोगाचा रुग्ण आढळल्यास शासनास कळविणे खाजगी व्यावसायिकांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे.

रुग्णाला केवळ ‘अमरावतीला न्या’ असे सांगणे पुरेसे नसते. लक्षणे केव्हा सुरू झाली, काय आढळले, कोणते औषध किती वाजता दिले आणि का पाठवीत आहोत, एवढे चार ओळींत लिहून दिले, तर मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांचा अमूल्य वेळ वाचतो. त्यांनी उलट टपाली उत्तर लिहिले, तर दोन पद्धतींतील दुरावा कमी होऊन पुढच्या रुग्णाची सोय होते.

गावाने काय करावे?

हे काम एकट्या वैद्याचे नाही. ग्रामपंचायतीने गावात व्यवसाय करणाऱ्या सर्वांची नावे, पदव्या व नोंदणी क्रमांक यांची यादी करून, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून ती पडताळून ग्रामसभेत वाचावी. नोंदणी नसलेल्याविषयी लेखी कळवावे. यात्रा व आठवडी बाजारात जागा देताना औषधविक्रेत्यांच्या मालावर परवाना क्रमांक आहे की नाही, हे पाहावे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीस गावातील वैद्य-डॉक्टरांना निमंत्रण द्यावे. आशा स्वयंसेविका व आरोग्य सेविका यांच्याशी त्यांची ओळख असली तर रुग्ण वेळेवर पुढे जातो.

शिक्षकांना वेष्टनवाचन हा विषय एका तासात शिकविता येईल. घरातील औषधांची रिकामी वेष्टने आणावयास सांगून परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व अंतिम मुदत विद्यार्थ्यांकडून शोधवून घ्यावी. आजीच्या सांधेदुखीच्या पुडीवर काहीच छापलेले नाही, हे नातवाने दाखवून दिले तर ते घरात अधिक मनावर घेतले जाते. शाळेच्या परिसरातील औषधी वनस्पतींची ओळख करून देताना त्यांच्याशी साम्य असणाऱ्या व विषारी वनस्पतीही अवश्य दाखवाव्यात.

आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी खाजगी दवाखान्यांकडे केवळ तपासणीच्या दृष्टीने पाहू नये. संदर्भ चिठ्ठीचा सोपा नमुना व विपरीत परिणामांच्या नोंदीचे पत्रक दवाखान्यांना पुरवावे. दोन्ही पद्धतींचे डॉक्टर वर्षातून दोन-तीनदा एकत्र बसून कठीण रुग्णांची चर्चा करतील, अशी व्यवस्था केल्यास तिला मोठा खर्च येत नाही.

पूरक उपचारांवर ग्रामीण जनतेचा विश्वास आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. निनावी पुडी, न लिहिलेले औषध आणि उशिरा हलविलेला रुग्ण यांमुळे तो विश्वास वाया जातो. भिंतीवर नोंदणी क्रमांक, बाटलीवर बॅच क्रमांक, रुग्णाच्या पानावर दिलेल्या औषधाचे नाव आणि गरज पडल्यास त्याच्या हाती संदर्भ चिठ्ठी, एवढ्या साधनांनी प्रत्येक गावाला या कामाचा आरंभ करता येईल. त्यासाठी नव्या इमारतीची किंवा नव्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.